सिस्टरांना मारू नये

खारीगाव, भाईंदर (पूर्व)
रविवार, सकाळ

तीर्थरूप गोदूआत्यास,

निशिगंधाचा पाय धरून नमस्कार. (पाय धरला असं नुसतं लिहितेय. खरोखर धरला असता तर तू कळवळून ओरडली असतीस, कारण तुझ्या उजव्या गुडघ्याची हकीकत आईने मला सविस्तर सांगितली आहे.) गुडघा आता कसा आहे? शेक घेतेस का, की शेकाची पिशवी अजून मांजरच वापरतंय? लांज्याला थंडी पडली असेल. इथे थंडी पडत नाही, फक्त धूळ जराशी गार होते. आई बरी आहे. मीही बरी आहे, असं म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणते.

तू म्हणशील, फोन करायचा सोडून ही पोरगी पत्र कसलं लिहितेय. आत्या, फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि ऐकू येतंय असं तू भासवतेस. मागे मी ‘आईला खोकला झालाय’ म्हटलं, तर तू ‘अगं बाई, अभिनंदन’ म्हणालीस. शिवाय आमच्या दोन खोल्या. तुला ऐकू जाईल असं बोलायचं तर अख्ख्या मजल्याला ऐकू जाणार, आणि आईला मी सांगितलंय की मी बाथरूममध्ये घसरून पडले. (त्या दिवसापासून ती रोज सोडा टाकून बाथरूम घासते आणि मी आत निघाले की ‘जपून’ म्हणते. एवढी स्वच्छ मोरी खारीगावात दुसरी नसेल.) माझं डावं मनगट प्लास्टरमध्ये आहे. कागद धरायला हात नाही, म्हणून त्यावर खलबत्त्यातला बत्ता ठेवलाय. अक्षर मधेच उतरणीला लागलं तर ती बत्त्याची चूक, माझी नव्हे.

आता मनगटाचं सांगते. तू सिव्हिलला एकतीस वर्षं काढलीस. तुझ्या वेळी ‘सिस्टर आल्या’ म्हटलं की नातेवाईक विडी विझवून उभे राहायचे. आमच्याकडे ‘सिस्टर आली’ म्हटलं की नातेवाईक मोबाइलचा कॅमेरा चालू करतात. आमचं हॉस्पिटल तुला माहीत नाही, नावही लिहीत नाही. इंद्रलोक वसाहतीच्या बाजूला खाली फरशांचं दुकान आहे, त्याच्यावर आम्ही. (कधीकधी लोक संडासाच्या टाइल्स बघायला म्हणून चुकून वर येतात आणि सलाइन लावून घेऊन जातात.) पुरुषांच्या जनरल वॉर्डात अठ्ठावीस खाटा, आणि दिवसपाळीला दोन सिस्टर. एक मी आणि दुसरी ॲमंडा, उत्तनची, चोवीस वर्षांची, हुशार, पण आवाज चढला की तिच्या डोळ्यांत पाणी येतं. आमच्यावर इन्चार्ज ममता सिस्टर. त्या हजेरीच्या वहीत वॉर्डात असतात आणि देहाने मीटिंगमध्ये. सगळ्यांच्या वर चंदन सर, व्यवस्थापक. ते आधी एका मॉलमध्ये होते, त्यामुळे पेशंटला ‘गेस्ट’ म्हणतात. माणूस मुतखड्याने लोळत असतो आणि सर विचारतात, गेस्ट खूश आहेत ना?

तर दीड महिन्यापूर्वी, दुपारी चार वाजता, भेटायच्या वेळेत, नऊ नंबरच्या गेस्टचा जावई आला. सासऱ्यांना जुलाब होत होते, एक सलाइन चालू होतं. शेजारच्या आठ नंबरला दोन बाटल्या टांगलेल्या होत्या. जावयाने आधी आठ नंबरकडे बघितलं, मग नऊ नंबरकडे बघितलं आणि मला म्हणाला, “बाजूवाले को दो बॉटल, हमारे पप्पा को एक? क्यूँ?” मी त्याला समजावलं की लग्नातल्या जेवणासारखी पंगत नसते ही, ज्याला जेवढं लागतं तेवढंच देतात. (मान्य आहे, लग्नाचा दाखला द्यायला नको होता. मानपानाचा विषय जावयाकडे काढू नये.) तो म्हणाला, डॉक्टरला बोलाव. डॉक्टर गोल्डन नेस्टच्या सिग्नलला गाडीत अडकले होते. मी तसं सांगितलं. त्याला वाटलं मी थट्टा करतेय. त्याने सलाइनची लोखंडी दांडी उचलली, रिकामी होती म्हणून बरं, आणि फिरवली. मी तोंडासमोर हात धरला. आवाज आला तो मला वाटलं बाटलीचा. बाटली शाबूत होती.

आमचा वॉचमन बाबाजी बासष्ट वर्षांचा आहे. त्याचा गणवेश त्याच्या आधीच्या वॉचमनसाठी शिवलेला, त्यामुळे तो धावायला लागला की आधी गणवेश पोहोचतो आणि मागून बाबाजी. पण आला, आत्या. माझ्या आणि त्या दांडीच्या मधे येऊन उभा राहिला. धक्काबुक्कीत त्याची कवळी उडाली ती अकरा नंबरच्या खाटेखाली गेली, आणि तो हात पसरून दातांवाचून ‘शांत व्हा, शांत व्हा’ म्हणत होता ते कोणालाच कळत नव्हतं. सगळ्या वॉर्डात तो एकटाच पुढे आला. अठरा जण व्हिडिओ काढत होते.

पोलिसांत जायचं मी म्हटलं. असल्या मारहाणीला कायदा आहे, हे आम्हाला नर्सिंगला शिकवलं होतं. चंदन सरांनी मला केबिनमध्ये बसवलं, थंड पाणी दिलं आणि म्हणाले, “निशिगंधा, तक्रारीने हॉस्पिटलचं नाव जाईल. आपण घरातल्या घरात मिटवू.” (घर कोणाचं, हे विचारायचं राहून गेलं.) दुसऱ्या दिवशी जावयाने मला पेढ्यांचा बॉक्स दिला, सरांनी फोटो काढला. फोटोत मी हसतेय. तो हॉस्पिटलच्या फेसबुकवर आहे, खाली लिहिलंय, ‘आमचं कुटुंब.’ हाडाच्या डॉक्टरांनी तीन आठवडे रजा सांगितली. आठव्या दिवशी ममता सिस्टरचा फोन आला, की ॲमंडा एकटी पडलीये, तुला डावा हात तर काही फारसा लागत नाही ना? आत्या, एका हाताने तू कधी चादर बदलली आहेस का? मी दातांनी धरून बदलायला शिकले.

आता ऐक, मी रजेवर असताना आमच्या सुरक्षेसाठी काय काय झालं ते. ‘परिचारिका सुरक्षा समिती’ नेमली गेली. तिच्यात चंदन सर, मालक डॉक्टर, हिशेबनीस आणि कॅन्टीनवाला. परिचारिका एकही नाही, कारण परिचारिकांना तेव्हा ड्युटी होती. समितीने चार निर्णय घेतले. पहिला, वॉर्डात मोठा बोर्ड: ‘सिस्टरांना मारू नये’. तो ‘येथे थुंकू नये’च्या बरोबर खाली लावलाय, त्याच अक्षरात, त्यामुळे येणाऱ्याला वाटतं की थुंकण्याच्या खालोखाल हाच इथला रिवाज असावा. दुसरा, आम्हाला एकेक शिट्टी. कुठल्यातरी वाढदिवसाला वाटून उरलेली, पोपटाच्या आकाराची. मी एकदा वाजवून बघितली, तर तीन नंबरच्या आजोबांनी विचारलं, ओव्हर झाली का? तिसरा निर्णय, पुरुष वॉर्डात कोणत्याही खाटेपाशी सिस्टरने एकटीने जायचं नाही, दोघींनी मिळून जायचं. आम्ही आहोतच दोघी. म्हणजे एकाच्या खाटेशी दोघी गेलो की सत्तावीस जणांना कोणीच नाही. मी हे ममता सिस्टरना बोटांवर मोजून दाखवलं. त्या म्हणाल्या, “तुमच्याच भल्यासाठी आहे ना?” आणि चौथा निर्णय, आमच्या काउंटरभोवती लोखंडी सरकतं जाळीचं दार. बँकांना असतं तसं. गडबड झाली की आत शिरायचं, दार ओढायचं आणि कुलूप दाबायचं. कुलूप दाबलं की लागतं, उघडायला किल्ली लागते. किल्ली एकच, ती ममता सिस्टरच्या पर्समध्ये. (सिस्टरांनी हरवू नये म्हणून.)

हसू नकोस. हसलीस तरी चालेल, आम्हीही पहिले दोन दिवस हसलो. ॲमंडा त्या जाळीत डबा खाताना म्हणायची, “ताई, शेंगदाणे टाकू नयेत असा पण बोर्ड लाव.”

पण आत्या, खरी गोष्ट जाळीची नव्हती. खरी गोष्ट अशी की मी बदलले. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. पूर्वी मी पेशंटच्या खाटेवर टेकून बोलायची, आता हातभर लांब उभी राहते. खाटेपाशी तीन-चार माणसं दिसली की मी पुढच्या खाटेकडे वळते आणि मनाला सांगते, नंतर येऊ. नंतर येणं होतंच असं नाही. औषध कशाचं आहे, कधी घ्यायचं, हे पूर्वी दोनदा सांगायची, आता गोळी वाटीत टाकते आणि निघते, कारण बोललं की प्रश्न येतो आणि प्रश्न आला की आवाज चढतो. ॲमंडाचं तर सुई लावताना बोट थरथरतं. एकाला चारदा टोचलं, त्याने आरडाओरडा केला, म्हणून पाचव्यांदा अजून थरथरलं. वहीत आम्ही लिहितो ‘रुग्ण आरामात’. आरामात आहे की नाही हे जवळ जाऊन बघितल्याशिवाय कळत नाही, हे तुला मी सांगायला हवं का? तूच मला शिकवलंस, की आधी कपाळाला हात लाव, मग थर्मामीटर लाव. त्या दांडीनंतर मी एकाही कपाळाला हात लावला नाही.

सतरा नंबरला मॅथ्यूकाका होते. कोपऱ्यातली खाट, भिंतीला लागून. उत्तनचे, एकाहत्तर वर्षांचे, आयुष्यभर मासेमारी केलेली. साखरेचा आजार आणि पायाला न भरणारी जखम. असा पेशंट मी पाहिला नाही. आम्ही दोघी त्यांच्याकडे गेलो की तेच म्हणायचे, “मी हाय बरा, बाय. तुमी आदी तिकडं जावा, ते कवाचे बोंबलतान.” बेल म्हणून कधी वाजवायचे नाहीत. आणि जो बोंबलत नाही त्याच्याकडे शेवटी जायचं, हा आमच्या वॉर्डाचा नियम कोणत्याही समितीने न करता झाला होता. (त्यांची मुलगी ऑड्रे शाळेत शिकवते, रोज संध्याकाळी यायची. खाटेशी चार माणसं नाहीत, आवाज नाही, फक्त एक मुलगी. तिला बघून मला हायसं वाटायचं.)

गेल्या महिन्यातला तो मंगळवार. सकाळी मॅथ्यूकाकांना इन्सुलिन मीच दिलं. त्यानंतर लगेच त्यांना ड्रेसिंगला खाली नेलं. तेवढ्यात नाश्ता आला, खाट रिकामी दिसली म्हणून कॅन्टीनच्या बाईने ताट परत नेलं. वर आले तेव्हा त्यांनी ताट मागितलं नाही. मागणारा माणूसच नव्हता तो. आणि आम्ही विचारलं नाही, कारण आम्ही दोघी जोडीने बारा नंबरला होतो.

अकरा वाजता सहा नंबरवर गडबड सुरू झाली. सहा नंबरच्या म्हाताऱ्यांची चादर पहाटेपासून ओली होती. त्यांच्या मुलाने, दशरथने, सकाळपासून तीनदा सांगितलं होतं आणि तीनदा आम्ही ‘येतो’ म्हटलं होतं. हा दशरथ भाईंदरच्याच एका स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशचं काम करतो, दंड असे की माझी मांडी बारीक वाटावी. सुट्टी टाकून आला होता, बरोबर भाऊ, मेहुणे मिळून आठ जण. “माझा बाप सहा तास मुतात पडलाय, आणि तुमी दोघी हातात हात घालून फिरताय?” असं तो ओरडला. ते चुकीचं नव्हतं. आठही जण काउंटरकडे यायला लागले. ॲमंडाने माझा प्लास्टरचा हात धरला, दुखला तो. मला दांडी दिसली. दांडी तिथे नव्हती, तरी दिसली. आम्ही आत शिरलो, दार ओढलं गेलं, कुलूप लागलं, ॲमंडाने पोपट वाजवला. आणि मग आमच्या डोक्यावरच्या बेलच्या बोर्डावर सतरा नंबरचा लाल दिवा लागला.

बाहेर आठ जण बोलत होते, आत आम्ही दोघी. बाबाजी शिट्टी ऐकून वर आला आणि त्यांच्या मागे उभा राहून उड्या मारायला लागला, म्हणजे आम्हाला कळावं की तो आलाय. दहा-बारा मिनिटं असं चाललं. दिवा लागलेलाच होता. मग कोपऱ्यात काहीतरी पडल्याचा आवाज आला. जड, ओला आवाज. पोतं पडतं तसा.

मॅथ्यूकाकांना घाम फुटला होता, हातपाय कापत होते, साखर उतरतेय हे त्यांना ओळखता येत होतं. बिस्किटं समोरच्या कपाटात होती. बेल दाबून कोणी येत नाही म्हटल्यावर ते स्वतः उठले.

मी दाराला हात घातला. कुलूप. ममता सिस्टरना फोन लावला, तो लागेना, कारण त्या तिसऱ्या मजल्यावर होत्या आणि मीटिंगमध्ये फोन बंद ठेवायचा असतो. मीटिंग सुरक्षा समितीची होती. (नव्या उपायांनी सिस्टर समाधानी आहेत, अशा कागदावर त्यांची सही घ्यायची होती. घेतली म्हणे.) मग मी जाळीला तोंड लावून त्याच आठ जणांना ओरडले, “दशरथभाऊ, सतरा नंबर! सतरा नंबर बघा!”

आत्या, आठही जण धावले. एका क्षणात. ज्यांच्यापासून वाचायला आम्ही आत कोंडून घेतलं होतं, ते धावले. दोघांनी त्यांना उचलायला घेतलं. मी ओरडले, “उचलू नका, पाय हलवू नका! शुद्धीत आहेत का? हाक मारा!” दशरथ त्यांच्या तोंडाशी वाकून म्हणाला, “काका, ओ काका!” आणि मग मला म्हणाला, “डोळे उघडतायत, सिस्टर. आता काय करू?” मी ग्लुकोजचा डबा जाळीच्या फटीतून बाहेर काढायला गेले, डबा जाईना, तेव्हा ॲमंडाने ग्लुकोज कागदाच्या पुडीत बांधून दिलं. भेळवाल्यासारखं. त्याच्या मेहुण्याने ते पाण्यात कालवून घोट घोट पाजलं. मी तुरुंगातल्या माणसासारखी दोन गज धरून पेशंट बघत होते. शेवटी दशरथने भिंतीवरचं आग विझवायचं लाल नळकांडं उपसलं आणि कुलपावर घातलं. तिसऱ्या घावाला कुलूप तुटलं. मी त्याच्या जवळून पळत गेले तेव्हा तो बाजूला झाला आणि म्हणाला, “सावकाश, तुमचा हात.”

साखर बत्तीस होती. ती वर आली. खुब्याचं हाड मात्र मोडलं होतं. शस्त्रक्रिया झाली, पण आधीच पायाची जखम, वर साखर. काका आता चालतील असं कोणी म्हणत नाही.

आणि हे ऐक, म्हणजे तुला आमच्या हॉस्पिटलची प्रकृती कळेल. माझं मनगट मोडलं तेव्हा घरातल्या घरात मिटलं. कुलूप तुटलं तेव्हा चंदन सर अर्ध्या तासात पोलीस चौकीत होते. हॉस्पिटलच्या मालमत्तेचं नुकसान. दशरथला दोन तास चौकीत बसवून ठेवलं, आणि त्याच्या बापाची चादर त्या गडबडीत दुपारी तीनला बदलली. मी बदलली, एकटीने.

संध्याकाळी ऑड्रे आली. सरांनी आधीच मला आणि ॲमंडाला सांगून ठेवलं होतं, की बेलचा बोर्ड बंद होता, तांत्रिक बिघाड. ऑड्रे रडली नाही की ओरडली नाही. मला सरळ विचारलं, “डॅडींनी बेल वाजवली होती का? तुम्हाला दिसली का?” सर माझ्या बाजूला उभे होते. मी म्हटलं, “बोर्ड बंद होता.” ती म्हणाली, “ओके, सिस्टर. थँक यू.” थँक यू म्हणाली, आत्या. मला वाटलं तिने मारलं असतं तर बरं. मार खायची मला आता सवय आहे.

पाचव्या दिवशी मॅथ्यूकाकांना आयसीयूतून वॉर्डात आणलं. मी एकटीच गेले, नियम मोडून. उशी सारखी करत बसले. तेच म्हणाले, “बत्ती लागलेली ना, बाय. मना दिसली हितून. बोर्ड समोरच तर हाय.” मी उशी पुन्हा सारखी केली. “पन ऑड्रेला मी न्हाय सांगितलं,” ते म्हणाले. “तुजी नोकरी हाय. आनि तू भ्यालेली. मी दर्यात बघितलेत भ्यालेले लोक. तेंचेवर रागवून काय व्हतं?”

मी जिन्यात जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी ड्युटी संपल्यावर बस धरून उत्तनला गेले, ऑड्रेच्या घरी. दारातच सांगितलं, की बोर्ड चालू होता, दिवा लागला होता, मला दिसला होता, मी जाळीत होते. तिने मला आत ये म्हटलं नाही. माझ्या प्लास्टरकडे बघितलं. मला वाटलं, आता म्हणेल, जाऊ दे. म्हणाली, “हे सगळं लिहून द्याल?” मी तिच्याच घरातल्या शाळेच्या वहीच्या पानावर, दाराबाहेरच्या ओट्यावर बसून, लिहून दिलं. सही केली. तिने पाणी दिलं. पुन्हा या, असं म्हणाली नाही. का म्हणेल?

तिने वर तक्रार केली आहे, हॉस्पिटलविरुद्ध. माझा कागद जोडलाय. चंदन सरांनी मला निलंबित केलं, कारण ‘गेस्टच्या कुटुंबाशी अनधिकृत संपर्क’. त्याला आज बारा दिवस झाले. रोज सकाळी मी युनिफॉर्म घालून निघते आणि खाडीकडच्या बागेत बसते. (आज रविवार, म्हणून घरी आहे आणि पत्र लिहितेय.) ॲमंडा वॉर्डात आहे, जोडीला एक नवी मुलगी, परवाच नर्सिंग संपवून आलेली. पहिल्या दिवशीच तिच्या गळ्यात पोपट अडकवलाय.

असं आहे सगळं. तुला कसलाही त्रास द्यायला हे लिहीत नाहीये, आणि तू गुडघा घेऊन धावत यावंस असंही काही नाही. मन मोकळं करायचं होतं, ते कागदावर झालं. मांजराला गोंजार. शेकाची पिशवी त्याच्याकडून काढून घे. थोरांना नमस्कार, धाकटे तुझ्याकडे कोणी नाहीत म्हणून त्यांचे आशीर्वाद तूच ठेव.

तुझीच,
निशिगंधा

ता. क. – आता वाचून बघितलं, तर मुद्द्याचं राहिलंच. सोमवारी माझी चौकशी आहे. उद्याच्या नव्हे, त्याच्या पुढच्या. दुपारी अडीचला, तिसऱ्या मजल्यावर. नोटिशीत लिहिलंय की सोबत एका ज्येष्ठ परिचारिकेला आणता येईल. नोकरीतल्या तिघींना विचारलं. एकीच्या मुलीची परीक्षा आहे, दुसरीच्या सासूची एकसष्टी आहे, तिसरीने फोनच उचलला नाही. तू निवृत्त आहेस, तुझं ते काही वाकडं करू शकत नाहीत. मी वर ‘धावत येऊ नकोस’ लिहिलंय ते पुसून टाक. धावू नकोस, पण ये.

ता. क. दुसरा – बोलायचं काही नाही तुला. ऐकू नाही आलं तरी चालेल. फक्त माझ्या बाजूच्या खुर्चीवर बसायचं. हे मी का मागतेय ते सांगते, पण वाचून झाल्यावर हा तुकडा फाडून टाक.

ता. क. तिसरा – वर मी लिहिलंय की दार ओढलं गेलं, कुलूप लागलं, आणि मग दिवा लागला. ऑड्रेला दिलेल्या कागदातही तोच क्रम आहे. ॲमंडालाही तसंच वाटतं, तिने डोळे मिटले होते. आत्या, तसं झालं नाही. दार उघडं होतं तेव्हाच दिवा लागला. मी मान वर करून आकडा वाचला, सतरा. जायला वाट होती, दशरथच्या डाव्या अंगाने, एक माणूस जाईल एवढी. मग मी कुलूप दाबलं. माझ्या चांगल्या हाताने. तू शेजारी बसलीस तर सोमवारी मी हे सांगेन. नाही बसलीस तर बहुतेक मी पहिलाच क्रम सांगेन, आणि ते सगळे त्यावर विश्वास ठेवतील.